ओढा कोणत्या महिन्यापर्यंत वाहतो?

नळदुर्गचा किल्ला बघायला आलेला माणूस पाणी महालापाशी हमखास थांबतो. बोरी नदीला आडवा घातलेला तो दगडी बांध दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला, 1613 सालचा. बांधाच्या पोटात महाल आणि महालासमोरून कोसळणाऱ्या पाण्याच्या दोन धारा. लोकांनी त्यांना नर आणि मादी अशी नावं दिली आहेत. पावसाळा चांगला झाला, वरच्या अंगाचं बोरी धरण भरून सांडव्यावरून पाणी सुटलं, की वर्तमानपत्रांत ‘नर-मादी सुरू’ अशी बातमी येते आणि सोलापूर-हैदराबाद महामार्गावरच्या गाड्या किल्ल्याकडे वळतात. धबधबा सुरू झाल्याची बातमी होते, बंद झाल्याची होत नाही. आणि ज्या असंख्य ओढ्या-ओहोळांच्या पाण्यावर बोरी जगते, त्यांची तर कसलीच बातमी होत नाही. ते कधी वाहू लागले आणि कधी आटले हे तलाठ्याच्या दप्तरात नसतं, पाटबंधारे खात्याच्या वहीत नसतं आणि गावातही कुणी लिहून ठेवलेलं नसतं. पुढची पानं त्या ओढ्यांसाठी आहेत.

त्या ओढ्यांची गोष्ट जळकोटपासून सुरू करू. जळकोट हे तुळजापूर तालुक्यातलं गाव. नळदुर्गच्या पूर्वेला, त्याच महामार्गावर. (लातूर जिल्ह्यातलं तालुक्याचं जळकोट वेगळं.) बालाघाटाच्या रांगा आणि माळ धाराशिव जिल्ह्यात पाण्याची वाटणी करतात. एका अंगाचं पाणी तेरणा आणि मांजरेतून गोदावरीला जातं. दुसऱ्या अंगाचं सीना, बोरी अशा नद्यांतून भीमेला आणि पुढे कृष्णेला जातं. जळकोट-नळदुर्गचा माळ भीमेच्या बाजूचा. तुळजापूरच्या डोंगराळ भागातून निघालेली बोरी नळदुर्ग ओलांडते, खाली अक्कलकोट तालुक्यात कुरनूरच्या धरणात विसावते आणि मग भीमेच्या वाटेला लागते. नळदुर्ग, अणदूर, तुळजापूर इथल्या नळांना बोरी धरणाचं पाणी येतं आणि अक्कलकोटची तहान कुरनूरवर भागते. एवढ्या माणसांचा भार वाहणारी ही नदी उगमापाशी कुणा शेतकऱ्याच्या बांधालगतची वीतभर खोल ओघळ असते.

रॉबर्ट हॉर्टन या अमेरिकी अभियंत्याने 1945 साली प्रवाहांची श्रेणी लावायची पद्धत मांडली. ज्याला वरून दुसरा कुठलाच प्रवाह मिळत नाही तो पहिल्या श्रेणीचा. तसे दोन एकत्र आले की दुसऱ्या श्रेणीचा. या मोजणीतून एक गोष्ट जगभर दिसली. कुठल्याही खोऱ्यातल्या प्रवाहांच्या एकूण लांबीत सगळ्यात मोठा वाटा या पहिल्या-दुसऱ्या श्रेणीच्या बारक्या ओढ्यांचा असतो. मोठं पात्र म्हणजे त्यांची बेरीज. आपण मात्र नदीला नाव देतो, तिची जत्रा भरवतो, तिच्यावर पूल बांधतो आणि ओढ्याला ‘नाला’ म्हणून मोकळे होतो. नदी वाचवायच्या योजना पात्रात सुरू होतात आणि पात्रातच संपतात. नदीचं दुखणं वरच्या माळावर सुरू झालेलं असतं.

थोडं गणित मांडू. एक हेक्टर रानावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडलं. आपल्याकडे वर्षाचा पाऊस सातशे मिलिमीटर धरला तर हेक्टरी 70 लाख लिटर होतात. हजार हेक्टरांच्या शिवारावर 700 कोटी लिटर, म्हणजे धरणाच्या भाषेत पाव टीएमसी. दुष्काळी म्हणवणाऱ्या गावाच्या डोक्यावर बऱ्या वर्षात इतकं पाणी पडतं. ते सगळं आपलं नसतं. बरंचसं पिकं पितात, बरंचसं वाफ होऊन उडतं, काही खालच्या गावांच्या हक्काचं असतं. तरीही त्यातलं किती पाणी मातीत शिरतं आणि किती तासाभरात गावाची हद्द ओलांडून जातं, यावर त्या गावाचा उन्हाळा ठरतो.

हे समजायला पायाखालचा खडक समजून घ्यावा लागतो. दख्खनचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरून झाला. आमच्याकडे विहीर खोदणाऱ्या माणसाला त्याचा क्रम तोंडपाठ असतो. वर काळी किंवा मुरमाड माती, तिच्याखाली मुरूम, मग कुठे मांजऱ्या, कुठे भेगाळलेला दगड आणि त्याखाली सुरुंगाला दाद न देणारा काळा कातळ. पाणी राहतं ते मुरमात, मांजऱ्यात आणि भेगांत. ही जागा फार थोडी असते. शंभर घनमीटर मुरमाड खडक भिजला तरी त्यातून हाती लागणारं पाणी दोन-तीन घनमीटर. गंगेच्या मैदानासारखी शेकडो फूट वाळू आपल्या पायाखाली नाही. जे काही आहे ते वरच्या तीस-चाळीस फुटांत, तळहाताएवढ्या ओंजळीत. ही ओंजळ भरली की तिच्या कडेने पाणी हळूहळू पाझरतं आणि ओढ्याच्या काठातून बाहेर येतं. पाऊस उघडून पंधरा दिवस झाल्यावर ओढ्यात जे नितळ पाणी वाहताना दिसतं, ते आकाशातून नुकतं पडलेलं नसतं. दोन्ही काठांच्या जमिनीने ते सोडलेलं असतं. म्हणून ओढा किती दिवस वाहतो यावरून दोन्ही अंगांच्या जमिनीत किती पाणी आहे ते कळतं. त्यासाठी कुठल्याही यंत्राची गरज नाही.

जुनी माणसं शिवाराची ओळख याच मापाने सांगायची. अमुक ओढा दिवाळीला थांबतो, तमुक संक्रांतीपर्यंत चालतो, त्या डोहात मात्र होळीलाही म्हशी बसतात. ओढा थांबला तरी वाळूत हातभर झिरा उकरला की पाणी लागायचं आणि बाया तिथून घागरी भरून न्यायच्या. आज त्याच ओढ्यांबद्दल विचारलं तर उत्तर येतं : पाऊस पडला की येतो, पाऊस गेला की जातो. ओढा आठ महिन्यांवरून आठ दिवसांवर आला तरी त्याची नोंद झाली नाही, कारण नोंद ठेवायची ती वस्तू आहे असं कुणाला वाटलंच नाही.

पाण्यासाठी कुणी काही केलंच नाही, असं मात्र अजिबात नाही. मराठवाड्याने पाण्यासाठी जितका घाम गाळला तितका फार थोड्या प्रदेशांनी गाळला असेल. 1972च्या दुष्काळात इथली माणसं, बायका पोरं कडेवर घेऊन, खडी फोडायला आणि बंडिंगच्या कामावर गेली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीचा कायदा 1977 साली झाला. आज गावोगाव दिसणारे पाझर तलाव, नालाबांध, शेतातली बंडिंगं यांतलं बरंचसं त्या पिढीच्या हातचं आहे. त्याच दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या एकरांवर वाटायचं नाही, माणशी वाटायचं, भूमिहीनालाही द्यायचं आणि त्या पाण्यावर ऊस लावायचा नाही, असा तिचा नियम. हिवरे बाजारने पुढे शेतीसाठी बोअर मारायला बंदी घातली आणि दरवर्षी पडलेल्या पावसाचा हिशेब मांडून कोणतं पीक घ्यायचं ते ग्रामसभेत ठरवायला सुरुवात केली. हे दोन्ही प्रयोग महाराष्ट्राला पाठ आहेत. त्यांचं कौतुक सगळे करतात. पण त्यातली बंधनं सोडून देतात आणि बांधकाम तेवढं उचलतात, हे मला वर्षानुवर्षं खटकत आलं आहे.

बांधकामाचा मोह समजण्यासारखा आहे. बंधाऱ्याचं उद्घाटन करता येतं, त्याची लांबी-रुंदी मोजता येते, बिल काढता येतं. माळावर गवत वाढलं याचं उद्घाटन कसं करणार? म्हणून पाणलोटाचं काम ‘माथा ते पायथा’ करायचं असं प्रत्येक पुस्तकात लिहिलेलं असताना प्रत्यक्षात ते बहुतेक वेळा पायथ्यालाच सुरू होतं. डिसेंबर 2014 मध्ये राज्य सरकारने जलयुक्त शिवार अभियान सुरू केलं. वर्षाला पाच हजार गावं टंचाईमुक्त करायची असं त्याचं उद्दिष्ट. कागदावर त्यात सलग समतल चर होते, कंपार्टमेंट बंडिंग होतं, शेततळी होती. गावाच्या डोळ्यांत भरलं ते मात्र एकच काम : नाला खोलीकरण आणि रुंदीकरण. पोकलेन आलं, ओढ्यात उतरलं आणि महिन्याभरात वळणावळणाच्या ओढ्याचा सरळसोट खंदक झाला.

पहिल्या पावसात त्या खंदकात तुडुंब पाणी साठलेलं पाहून लोकांचे डोळे भरून आले, आणि ते खरे अश्रू होते. एप्रिल 2016 मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्या उन्हाळ्यानंतर दारात साठलेलं पाणी पाहणाऱ्या माणसाला कुणी तांत्रिक शंका सांगितल्या असत्या तर त्याने ऐकल्या नसत्या. काही ठिकाणी या कामाचा फायदाही झाला. जिथे पात्रात वर्षानुवर्षांचा गाळ बसून पाझर बंद झाला होता, तिथे तो काढल्यावर शेजारच्या विहिरींना पाणी उतरलं. हे मान्य करून पुढचं सांगितलं पाहिजे.

ओढा मुरमाच्या खाली खोदला की काठच्या जमिनीत साठलेलं पाणी त्या खड्ड्याकडे धाव घेतं. ती छोटी ओंजळ कडेने फोडल्यासारखी होते. जे पाणी मुरमात सावलीला राहून थेंबाथेंबाने जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत पाझरलं असतं, ते खड्ड्यात उतरून उन्हाला उघडं पडतं. आपल्याकडे उघड्या पाण्यातून वर्षाला दीड-दोन मीटर जाडीचा थर वाफ होऊन उडतो. म्हणजे खोल केलेल्या ओढ्यात दिवाळीला दिसणारं पाणी हा काही अंशी शेजारच्या विहिरीतून उसना आणलेला पैसा असतो, आणि तो उन्हात खर्च होत असतो. शिवाय तळ खाली गेला की वरच्या भागात पाण्याची धार वाढते. ती ओढ्याचा तळ मागे मागे खात जाते आणि दोन-चार पावसाळ्यांत वरच्या शेताचा काठ ढासळतो. सरळ केलेल्या पात्रात पाणी वेगाने धावतं. वळणं होती तेव्हा ते रेंगाळायचं. पोकलेनने ओढ्याची वळणं काढली तेव्हा त्याच्या रेंगाळायच्या जागा गेल्या.

अर्थतज्ज्ञ हि. मो. देसरडा यांनी या कामांविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, माजी मुख्य सचिव जॉनी जोसेफ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पुढे 2020 मध्ये कॅगचा अहवाल आला. 9,634 कोटी रुपये खर्चूनही टंचाई आणि भूजलपातळी यांवर म्हणावा तसा परिणाम झाला नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यावर राजकारण भरपूर झालं. माझ्या लेखी महत्त्वाचा प्रश्न त्या राजकारणात मागे पडला. आपण यश कशाने मोजलं? किती हजार घनमीटर साठा निर्माण झाला, यानेच. त्याऐवजी ‘आधी ओढा नोव्हेंबरात थांबायचा, आता जानेवारीत थांबतो’ अशी एकेका गावाची नोंद मागितली असती, तर कुठलं काम टिकलं आणि कुठलं फसलं हे सांगायला कॅगची वाट पाहावी लागली नसती.

आणि पाणी हा ओढ्याचा एक भाग झाला. ओढा जिवंत असतो म्हणजे काय, ते पाहायचं असेल तर सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस उघडल्यावर गावाच्या वरच्या बाजूला, जिथे अजून पोकलेन गेलेलं नाही अशा ठिकाणी जा. पाणी जिथे दगडांवरून खळखळतं तिथला नारळाएवढा एखादा दगड अलगद उचला आणि उलटा करा. खालच्या ओल्या बाजूला नीट पाहिलं तर नखाएवढ्या चपट्या अळ्या दगडाला चिकटून सरकताना दिसतील. त्यांच्या शेपटीला दोन-तीन केसांसारखे तंतू असतात आणि पोटाच्या कडेने बारीक झालरी हलत असतात. ती झालर म्हणजे त्यांचे कल्ले. बाजूलाच वाळूचे कण एकमेकांना चिकटवून केलेल्या गव्हाएवढ्या नळ्या असतील आणि त्या प्रत्येकीत एक अळी राहत असेल. एखादी गोगलगाय असेल, एखादं खेकड्याचं पिल्लू दगडाखालून तिरकं पळेल. हे जीव फार नाजूक असतात. पाण्यातला प्राणवायू जरा कमी झाला, सांडपाणी आलं, कीटकनाशक उतरलं, की आधी ते जातात. आता तोच दगड गावाच्या खाली, गटार मिळतं त्याच्या पुढे उचलून पाहा. दगडाला बुळबुळीत करडा थर असेल आणि चिखलात लाल दोऱ्यासारखे किडे वळवळत असतील. झालर असलेली एकही अळी दिसणार नाही. कोल्कविट्झ आणि मार्सन या जर्मन शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात पाण्यातल्या जिवांवरून पाण्याची प्रत ओळखायची पद्धत बसवली. पुढे जगभर तिचे अनेक प्रकार झाले. तिचं मोल असं की प्रयोगशाळेतली बाटली फक्त त्या दिवसाचं पाणी सांगते. दगडाखालची अळी तिथे गेल्या कित्येक आठवड्यांत काय वाहून आलं ते सांगते. सातवीतल्या मुलीला हे काम एका सकाळी शिकवता येतं.

या अळ्या खातात काय? काठावरच्या झाडांचा पाला. करंज, उंबर, जांभूळ, वाळुंज यांची पानं पाण्यात पडतात, दगडांत अडकतात, कुजतात आणि त्यांवर हे जीव जगतात. त्यांच्यावर मासे जगतात, माशांवर खंड्या आणि बगळे. लहान ओढ्यात अन्नाची सुरुवात पाण्यात कमी आणि काठावर जास्त होते. म्हणून काठ उघडा केला की पाणी असूनही ओढा उपाशी राहतो. निर्गुडी, शिंदी, लव्हाळे यांची मुळं माती धरून ठेवतात, शेतातून येणारं पाणी गाळून घेतात आणि सावली धरतात. आज आपल्या ओढ्यांच्या काठाला यातलं काय उरलं आहे? बहुतेक ठिकाणी वेडी बाभूळ आणि बेशरम. दोन्ही बाहेरून आलेली, दोन्हींचा पाला जनावरं खात नाहीत किंवा नाइलाजाने खातात. पोकलेनने पात्र मोकळं केलं की उघड्या मुरमावर सर्वांत आधी तीच उगवतात.

काठ गेला कसा, हे सांगताना आपल्याला आपल्याच बांधावर उभं राहावं लागेल. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 20 नुसार नद्या, ओढे, नाले आणि त्यांची पात्रं सरकारच्या मालकीची आहेत. गावनकाशावर ओढ्याची रुंदी काढलेली असते. पण दरवर्षी नांगराचं एक तास ओढ्याच्या अंगाला जास्त जातं. वाटण्या होऊन जमिनीचे तुकडे पडले, ट्रॅक्टर आला आणि पोटखराबाही पेरणीखाली आला. तीस फुटी ओढा बारा फुटांचा झाला, कुठे तो नांगरून सपाटच केला गेला. एकेका शेतकऱ्याने केलेली ही वाढ चार-पाच गुंठ्यांची असते आणि त्याची गरजही खरी असते. तरी 14 ऑक्टोबर 2020 सारखा दिवस उजाडला की हिशेब चुकता होतो. त्या अतिवृष्टीत तुळजापूर, उमरगा, लोहारा भागात काढणीला आलेलं सोयाबीन वाहून गेलं. नुसतं पीक गेलं असतं तर पुढच्या हंगामात भरून निघालं असतं. ओढ्याकाठच्या जमिनी मातीसकट खरवडून गेल्या आणि खाली मुरूम उघडा पडला. इंचभर माती व्हायला शेकडो वर्षं लागतात. सप्टेंबर 2025 मध्ये भूम-परंड्याकडे सीनेच्या काठाने तेच पुन्हा पाहिलं. पाऊस अतोनात होता, त्याचा दोष कुणाला देता येणार नाही. पण रुंद, झाडीने भरलेला, वळणांचा ओढा आणि अरुंद, उघडा, सरळ ओढा यांत तोच पाऊस दोन वेगळ्या प्रकारे वाहतो. पंचनाम्यात पिकाचं नुकसान लिहिलं जातं, ओढ्याच्या रुंदीसाठी रकाना नसतो.

गावाच्या घाणीबद्दल थोडक्यात लिहितो, कारण ते सगळ्यांना दिसतं. नळ घरात आले ही फार मोठी गोष्ट झाली, बायकांच्या डोक्यावरची घागर उतरली. पण नळाने आलेलं पाणी मोरीतून बाहेर पडतं त्याची सोय मागून आली नाही. बहुतेक गावांत गटार गावओढ्यात सोडलेलं असतं. शौचालयाच्या टाकीचं पाणी, कपड्यांच्या साबणाचा फेस, कोंबड्यांची पिसं, लग्नातल्या पत्रावळी आणि प्लास्टिकचे पेले सगळं तिथेच जातं. शिवारात फवारणीचे पंप ओढ्यावर धुतले जातात आणि तणनाशकाच्या रिकाम्या बाटल्या काठाला पडलेल्या सापडतात. शोषखड्डे आणि परसबागा यांनी यातला मोठा भाग घराच्या अंगणातच जिरवता येतो. यात अवघड काही नाही, फक्त ते प्रत्येक घराने करावं लागतं.

त्याहून अवघड प्रश्न जमिनीखालचा आहे. ओढा वाहत राहायचा तर मुरमातली ओंजळ भरलेली राहिली पाहिजे आणि आपण ती दोन बाजूंनी रिकामी करतो आहोत. एक ऊस, दुसरा बोअर. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या दुसऱ्या जल व सिंचन आयोगाने 1999 सालीच तुटीच्या खोऱ्यांत उसासारख्या पिकाला आवर घालायला सांगितलं होतं. सोलापूर-धाराशिव पट्ट्यात त्यानंतर साखर कारखाने वाढले. ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याला दोष देणं सोपं आहे. त्याला हमीचा भाव मिळणारं दुसरं पीक आपण दिलेलं नाही आणि सोयाबीनचा भाव दरवर्षी त्याला तोंडघशी पाडतो. तरी पाण्याचं गणित भावाचं ऐकत नाही. बोअरचंही तेच. पाचशे-सहाशे फूट खाली गेलेलं बोअर कातळाच्या भेगांतलं फार जुनं पाणी उपसतं आणि वाटेत वरच्या मुरमातलं पाणीही खाली ओढून नेतं. शेजारची चाळीस फुटी विहीर कोरडी पडते आणि त्याच विहिरीच्या पातळीवर वाहणारा ओढा आधी थांबतो. राज्यात महाराष्ट्र भूजल अधिनियम, 2009 आहे. अधिसूचित क्षेत्रात 60 मीटरपेक्षा खोल विहिरींना त्यात मनाई आहे, पाणलोटांच्या समित्यांची तरतूद आहे. कायदा आहे हे गावात किती जणांना ठाऊक आहे, हे पुढच्या ग्रामसभेत हात वर करून विचारून पाहावं.

मग सुरुवात कुठून करायची? माझं उत्तर, माळावरून. गायरान आणि पडीक माळ यांवर निदान काही पट्ट्यांत चराईला आळीपाळीने विसावा द्यावा, गवत धरू द्यावं. उतारावर चर खोदले तर पावसाळ्याआधी ते गाळाने भरलेत का हे पाहणारा माणूस नेमलेला असावा. ओघळींना वरूनच दगडांचे छोटे बांध घालावेत. यातलं काहीही दिसायला भव्य नाही. ओढ्याच्या दोन्ही काठांना जितकी सोडता येईल तितकी पट्टी नांगराबाहेर ठेवावी, तिथे करंज-उंबर-निर्गुडी लावावी, आणि ज्याची जमीन त्या पट्टीत जाते त्याला गावाने काहीतरी द्यावं, फुकट त्याग मागू नये. ओढा खोल करायचा ठराव आला तर आधी तळ कुठल्या थरात आहे ते पाहावं. साचलेला गाळ जरूर काढावा, तो शेतात जाऊ द्यावा. मुरमाला हात लावू नये. जैवविविधता कायदा, 2002 नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. पुष्कळ ठिकाणी ती वही एकदा भरून कपाटात गेली आहे. ती काढावी आणि तिच्यात ओढ्यासाठी पानं जोडावीत.

हे काम बाहेरून कुणी येऊन करून देईल अशी आशा धरू नये. या परिसराला तशी गरजही नाही, कारण वेगळं उदाहरण शेजारीच आहे. जळकोटपासून जवळ, अणदूरमध्ये, डॉ. शशिकांत अहंकारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यातल्याच, फारशी शाळा न शिकलेल्या बायकांना आरोग्याचं शिक्षण दिलं. त्या ‘भारतवैद्य’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. ताप कधी साधा, कधी धोक्याचा, बाळंतिणीकडे कधी आणि काय पाहायचं, हे त्यांना कळू लागलं आणि गावाने त्यांचं ऐकलं. त्यामागचा विचार असा की दुखणं लवकर ओळखणारं माणूस गावातच हवं. ओढ्यालाही तसंच माणूस हवं. दर महिन्याला ठरलेल्या चार जागी जाऊन पाणी वाहतं का, किती खोल आहे, रंग-वास कसा आहे, दगडाखाली काय आहे, काठ कुठे ढासळला, हे वहीत लिहिणारं. ते बचत गटातल्या बाईने करावं, शाळेच्या मुलांनी करावं, गुराख्याने तोंडी सांगावं आणि दुसऱ्या कुणी लिहावं. गुराख्याला ओढ्याची जितकी खडान्‌खडा माहिती असते तितकी कुठल्याच अधिकाऱ्याला नसते आणि आजवर त्याला कुणी विचारलेलं नाही.

पुढच्या प्रकरणांत या प्रत्येक गोष्टीची रीत सविस्तर दिली आहे : ओढ्याचा नकाशा पायी कसा काढायचा, दगडाखालचे जीव कसे ओळखायचे, विहिरीची पातळी कशी मोजायची, चर आणि दगडी बांध कुठे घालायचे आणि कुठे घालायचे नाहीत. वाचकाने ती एका दमात वाचण्याची गरज नाही. पावसाळा तोंडावर असेल तर माळाचं प्रकरण आधी वाचावं, पाऊस उघडला असेल तर दगडाखालच्या जिवांचं. सारं जमलं नाही तरी एक काम याच वर्षी करा. तुमच्या शिवारातला ओढा वाहायचा ज्या दिवशी थांबेल ती तारीख ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. पुढच्या वर्षीची तिच्याखाली लिहा आणि 26 जानेवारीच्या ग्रामसभेत दोन्ही मोठ्याने वाचून दाखवा.